लुगड्याची घडी

बुलढाणा जिल्ह्यात राजे फार. एक सिंदखेड राजा, दुसरे देऊळगाव राजा आणि तिसरे आमचे पिंपळगाव राजा. पहिले जिजाबाईंचे माहेर, म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. दुसऱ्याला बालाजी पावला. आमच्या तिसऱ्या राजाला मात्र खामगाव तालुक्याबाहेर फारसे कोणी विचारीत नाही. मुंबईत आजोळचे नाव सांगितले की लोक हटकून म्हणतात, "म्हणजे नाशिककडचे पिंपळगाव ना?" ते बसवंत, आमचे राजा, असे सांगता सांगता आईची हयात गेली आणि आता माझीही चालली आहे.

यंदा कोजागिरीनंतर चार दिवसांनी मी तिकडे गेले. निमित्त मामीच्या पडण्याचे. मामी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. आषाढात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. अकोल्याला शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, काठीच्या आधाराने त्या घरात चालूही लागल्या. पण ओसरीवर म्हणून यायच्या नाहीत. सत्तर वर्षे ज्या ओसरीवरून त्यांनी घर चालवले, भाजीवालीशी हुज्जत घातली, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केली, ती ओसरी त्यांनी सोडली होती. वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुम्ही एकदा या. तुमचं ऐकतील." दुखते का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "दुखत नाही हो. गाऊन घालावा लागतो ना, म्हणून."

रात्रीच्या गाडीने निघून उजाडता नांदुऱ्याला उतरले. हल्ली नांदुरा म्हटले की लोकांना महामार्गावरचा एकशेपाच फुटी मारुती आठवतो. मला आठवते स्टेशनवरची बायकांची खोली. 1964 च्या सुमारास, मी आठ वर्षांची असताना, दर दिवाळीला आम्ही या स्टेशनवर उतरत असू. उतरले की आई मला आणि धाकट्या भावाला बाकावर बसवी, ट्रंकेतून एक लुगडे काढी आणि त्या खोलीत शिरे. आत जाई ती मुंबईची बाई, गोल पातळ नेसलेली. बाहेर येई ती पिंपळगावची लेक, नऊवारीत, काष्टा मारून, डोक्यावर पदर घेऊन. पातळाची घडी ट्रंकेत तळाशी जाई. "आजीजवळ काही बोलायचं नाही हं," एवढे बजावून आई टांग्यात नाही तर मोटारीत बसे. परतताना याच्या उलट.

आम्हां पोरांना यात काही वावगे वाटत नसे. बोगदा आला की गाडीत दिवे लागतात, नांदुरा आले की आईचे लुगडे बदलते, असाच आमचा समज होता.

आजीची तक्रार काय होती, ते पुढे कळले. गोल नेसणे हे तिच्या मते उघडे नेसणे होते. वाऱ्याने उडते, बसता उठता सांभाळावे लागते, आणि मध्ये काष्ट्याचा बंदोबस्त नाही! आता मौज पाहा. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना त्याच काळात नऊवारी उघडी वाटे, कारण पोटऱ्या दिसतात. एकाच बाईच्या एकाच पायावरून दोन पक्ष भांडत होते आणि दोघांचाही कैवार लाजेचा होता.

खरे म्हणजे आजचे हे गोल नेसणे तरी आपल्याकडे मुळात कुठले? सत्येंद्रनाथ टागोरांची पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी 1864 नंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबई इलाख्यात आली, तिने इथल्या पारशी बायकांचे नेसणे पाहिले, त्यात आपल्या सोयीचे फेरफार केले आणि डाव्या खांद्यावर पदर घेण्याची ती तऱ्हा बंगालात नेली. तिथून ती शिकल्यासवरल्या घरांतून हिंदुस्थानभर पसरली. म्हणजे मुंबईची वस्तू कलकत्त्याला जाऊन 'सुधारणा' होऊन परत आली आणि नांदुऱ्याच्या स्टेशनावर अडकली! दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, कापडावर नियंत्रण आले. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. सहा वारांत भागले तर तिसरा हिस्सा वाचला. आई म्हणे, गिरगावातल्या पुष्कळ बायकांनी सुधारणेपायी नव्हे, कापड मिळेना म्हणून काष्टा सोडला, आणि मग मोकळे वाटले म्हणून तो पुन्हा मारला नाही.

असो. नांदुऱ्याहून दक्षिणेला जाणारी एस.टी. मिळाली. 17 मार्च 2023 पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून गाडीत पुरुष उभे आणि बायका बसलेल्या, असे दृश्य वऱ्हाडातही दिसू लागले आहे. मला पाठीमागची जागा मिळाली. बायकांचे पेहराव पाहायला याहून चांगली जागा नाही. मोजले तर पातळे नेसलेल्या तेरा, पंजाबी ड्रेसवाल्या नऊ-दहा, बुरख्यातल्या चार, जीन्समधल्या कॉलेजच्या दोघी आणि नऊवारीतली फक्त एक म्हातारी, तीही डुलक्या घेणारी. कॉलेजच्या मुलींनी मात्र तोंडाला असा काही स्कार्फ गुंडाळला होता की डोळ्यांखेरीज काही दिसू नये. उन्हासाठी, धुळीसाठी म्हणतात. आणि कोण कोणाच्या स्कूटरवर बसली ते गावाला कळू नये म्हणूनही असेल. त्या मुलीला आजीने पाहिले असते तर खालच्या जीन्सबद्दल काय म्हणाली असती कोण जाणे, पण वरच्या स्कार्फला नावे ठेवायला तिला जागा नव्हती. असा पदर तिनेही कधी घेतला नव्हता.

बाहेर दोहीकडे काळी जमीन. सोयाबीन निघून गेलेली, तूर फुलोऱ्यावर आणि कपाशी फुटलेली. दूर दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ. एका वळणावर गाडी थांबली. लगतच्या वावरात बायका वेचणीला लागल्या होत्या. पहिल्या वेचणीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करण्याची इकडे रीत आहे. ती होऊन गेलेली असावी. बायकांनी पातळे खोचून गुडघ्यापर्यंत घेतली होती, कमरेला कापसाची ओटी बांधली होती, आणि पातळावर प्रत्येकीने घातला होता पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट! बोंडाची टोके हाताला ओरबाडतात, ऊन पोळते, त्यावर हा उपाय. हा नवा पोशाख कुठल्या शिंप्याने काढला नाही की कुठल्या मासिकाने छापला नाही. वऱ्हाडभर पाहा, वेचणीच्या बाईच्या अंगात नवऱ्याचा जुना शर्ट आहे. माझ्या शेजारी बसलेली बाई उतरता उतरता म्हणाली, "धन्याचा सदरा घालून धन्यापेक्षा जास्त कापूस येचतो आमी." आणि पदर खोचून चालू लागली.

आणखी एक गोष्ट मनात आली. या कापसापायी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, वऱ्हाडाला सोन्याचे दिवस आले होते. खामगावच्या कापसासाठी जलंबहून तेरा किलोमीटरचा खास रेल्वेफाटा घातला गेला आणि 1870 साली तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. 1877 च्या एक जानेवारीला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. वऱ्हाडच्या कापसाचे लुगडे वऱ्हाडच्या बाईच्या अंगावर यायला लागले. ती मिल पुढे बंद पडली. आज वावरात कपाशी वेचणाऱ्या त्या बायकांच्या अंगावर सुताचा धागा असेल तर तो नवऱ्याच्या शर्टात. पातळ सुरतेचे, पॉलिस्टरचे. स्वस्त, टिकाऊ, धुतले की वाळले. हसावे की रडावे हा प्रश्न मला पडला. त्यांना पडलेला दिसला नाही. सुताचे लुगडे चार दिवस वाळत नाही आणि इस्त्रीला पैसे पडतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

घरी पोचले. वाडा तोच, अर्धा पडलेला, अर्धा स्लॅबचा. ओसरीवर मामींची जागा रिकामी. आत माजघराच्या कोपऱ्यात खाटेवर त्या बसल्या होत्या, फुलाफुलांचा गाऊन घालून, भिंतीकडे तोंड करून. मला पाहताच त्यांनी हाताने डोक्यावर काही ओढल्यासारखे केले. ओढायला काही नव्हते. हात तसाच केसांवरून खाली आला.

इतकी वर्षे मी त्यांना लुगड्यातच पाहिले. त्या उंच. शेताबांधाला जाणाऱ्या बायकांची लुगडी गुडघ्याशी असत, मामींचे घोट्याशी. पण पाऊस आला आणि गंजी झाकायची वेळ आली की तेच लुगडे क्षणात वर खोचून त्या गड्यांच्या बरोबरीने धावत. नऊवारीची ही खुबी तिची थोरवी गाणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ती एकाच वेळी देवळात जायचा आणि बैलगाडीवर चढायचा पोशाख आहे. आता खुब्यात पट्टी बसवली आहे, पाय फाकवून काष्टा मारता येत नाही, शौचाला जाताना लुगडे आवरत नाही. डॉक्टरांनी सांगितले, गाऊन. सुनांनी आणला, गाऊन.

गाऊनाविषयी मला स्वतःला आकस नाही. आपल्या मध्यमवर्गी घरांतली खरी वेषक्रांती पंजाबी ड्रेसने नव्हे, गाऊनाने केली असे माझे मत आहे. सकाळी दूध घ्यायला, दुपारी भाजी घ्यायला, गाऊन आणि त्यावर ओढणी नाही तर चक्क टॉवेल टाकून दारात उभी राहिलेली गृहिणी आपण रोज पाहतो. त्या टॉवेलाने काय झाकते ते देवाला माहीत, पण तो नसला तर तिला दार उघडवत नाही. पण मामींना मी हे कसे सांगणार?

दुपारी नातसून शाळेतून आली. ही खामगावच्या एका खाजगी शाळेत शिकवते, स्कूटीवरून जातेयेते. अंगावर पंजाबी ड्रेस. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा साडी नेसूनच गाडी चालवायची असा घरचा दंडक होता. पहिल्याच पावसाळ्यात पदर चाकात गेला आणि ती रस्त्यावर आपटली. (मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा असे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवले आहे, आपल्या बायकांच्या पदराची काळजी सरकारलाही करावी लागली! पण ती मागे बसणारीसाठी. पुढे बसून चालवणारीचा पदर कुठे जाईल, हे कुणाच्या डोक्यात आले नसावे.) कोपर फुटून ती घरी आली त्या संध्याकाळी मामेभाऊ म्हणत होता, नोकरी सोड. मामी ओसरीवरूनच बोलल्या, "नोकरी कायले सोडते? साडी सोड. उद्यापासून डरेस घाल."

"लोक काय म्हणतील, आई?"

"लोकायच्या कोपराले लागलं का?"

ही हकिगत नातसुनेने मला सांगितली तेव्हा मामी भिंतीकडे पाहत होत्या. पण ऐकत होत्या, हे त्यांच्या पाठीवरून कळत होते.

"आत्याबाई, मी यांना म्हटलं," नातसून पुढे म्हणाली, "खामगावला शिवलेली नऊवारी मिळते. नाडी बांधली की झालं, काष्टा आयता. लग्नात मुली घालतात ना, तशी."

त्या शिवलेल्या नऊवारीला ठाण्याला आम्ही नावे ठेवतो. 1999 साली डोंबिवलीला पाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, मग गावोगावी निघाल्या, आणि नऊवारी, नथ, फेटा, काळा चष्मा असा थाट करून बुलेटवर बसलेल्या मुलींची छायाचित्रे छापून येऊ लागली. त्यातल्या किती जणींना नऊ वार स्वतःचे स्वतः नेसता येतात, हा प्रश्न विचारायचा नसतो. पण या मुलीने तीच चीज किती वेगळ्या कामासाठी सुचवली होती! मला माझ्या नावे ठेवण्याची थोडी लाज वाटली.

मामी मात्र पहिल्यांदाच वळल्या आणि हसल्या. "शिवेल लुगडं? मंग तो पैजामाच झाला न, माय. पाय तर त्यातबी घालाच लागतील."

हे खरे होते. आमच्या दोघींच्या ध्यानात आले नव्हते.

रात्री मी त्यांच्या खाटेशी अंथरूण टाकले. काय बोलावे सुचेना, म्हणून नांदुऱ्याच्या स्टेशनची गोष्ट काढली. साठ वर्षांत मी ती पिंपळगावात कोणाला सांगितली नव्हती. आईने बजावले होते ना. आई जाऊनही आता बारा वर्षे झाली. म्हटले, "मामी, तुम्हांला एक गंमत सांगू? आई मुंबईहून गोल नेसून यायची आणि नांदुऱ्याला लुगडं नेसायची."

"माहीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"घडीनं सांगतलं. रात्रभर गाडीत बसून आलेल्या बाईचं लुगडं चुरगळलेलं पाहिजे का नाई? तुह्या आईच्या लुगड्याच्या घड्या जशाच्या तशा. पेटीतून काढल्यावानी."

मी उठून बसले. आणि मग मला दुसरी एक गोष्ट आठवली. आम्ही दारात उतरलो की मामी धावत यायच्या, आजी माजघरातून बाहेर येण्याच्या आत आईला परसात न्यायच्या. "गाडीतलं लुगडं आधी टाका, वन्सं, माह्यं नेसा," असे म्हणत आपले वापरते लुगडे तिच्या हातात द्यायच्या. आम्हांला वाटे, मामींना ओवळ्याचे भारी वेड. आईही घरी गेल्यावर हसून म्हणे, "वहिनीचं सोवळं म्हणजे!"

"तुम्ही म्हणून आपलं लुगडं द्यायचात?"

"सासूबाईची नजर लय तेज व्हती," मामी म्हणाल्या. "घडी दिसली असती त्याइले."

"आईला ठाऊक नव्हतं, तुम्हांला कळलंय ते."

"कायले सांगाचं? तिले वाटे कोणाले मालूम नाई. दोन दिवसासाठी माहेरी आलेली बाई, तिले काहून लाजवाचं?"

काही वेळ दोघी गप्प होतो. मग अंधारातून त्या म्हणाल्या, "मामानं मलेबी आणलं होतं एक गोल पातय. नागपूरहून. गुलाबी. नेसलं नाई कधी. हिच्या सासूच्या बाळंतपणात फाडून दुपटे केले त्याचे."

एवढेच. त्यावर पुढे काही बोलल्या नाहीत आणि मी विचारले नाही.

सकाळी उठून पाहते तो मामींनी नातसुनेला कामाला लावले होते. ट्रंक उघडून बाहेर काढली होती. हिरवी, काळी, डाळिंबी लुगडी खाटेवर पसरलेली. इरकली काठांची, नागपुरी, एक चंद्रकळा. खणाच्या चोळ्यांची चवड निराळी. डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला होता. मामींनी त्यातले एक हिरवे सुती लुगडे निवडले, वापरून मऊ झालेले, आणि म्हणाल्या, "काप."

"आजी, धडधाकट आहे," नातसून म्हणाली.

"म्हणून त काप म्हनते. फाटल्यावर गोधडीच व्हते. पदराकडून तीन वार मोज आणि काप."

हाताने मोजून तीन वार कापले. कापल्या कडेला नातसुनेने शाळेला जायच्या घाईत कशीबशी दुमड घातली. मामींनी तो तुकडा गाऊनावरून उजव्या कमरेशी खोचला, पाठीवरून घेऊन डोक्यावर ओढला आणि टोक पुढे आणून हातात धरले. मागून, बाजूने, डोक्यापासून कमरेपर्यंत त्या पुन्हा आमच्या मामी होत्या. गुडघ्याखाली मात्र फुले होती. काठी मागितली. आम्ही दोघी दोन्ही अंगांनी धरू लागलो तर एकीचा हात झटकला.

ओसरीवर बसल्यावर पाच मिनिटांत भाजीवाली आली. तिने मामींच्या पायांकडे पाहिले, डोक्याकडे पाहिले आणि विचारले, "आजी, लय दिवसानं! मेथी देऊ का?" भाव ऐकताच मामींनी तिची अशी काही कानउघाडणी केली की माजघरातून वहिनी पदराने डोळे पुसत हसत बाहेर आली. दुपारपर्यंत शेजारच्या तिघीचौघी येऊन बसून गेल्या. त्यांतल्या एकीने, गाऊन आणि ओढणीच घातलेल्या, मामींचा तो तुकडा हातात घेऊन चाचपून पाहिला आणि विचारले, किती वार लागते?

तिसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा मामींनी एक पुडके पुढे केले. उरलेले हिरवे लुगडे.

"नऊातले तीन माह्याकडं राह्यले. सहा उरले. तुह्या आईसारखं गोल नेस तू. आता नांदुऱ्याले बदलवाचं काम नाई."

गाडीत मी ते उलगडून पाहिले. काठ झकास होते, रंगही उतरलेला नव्हता. फक्त पदर त्याला नव्हता. तो त्यांनी ठेवून घेतला होता. ठाण्याला शिंपीण म्हणाली, फॉल लावून देते, पिको करते, पदराला दुसरे कापड जोडते. मी जोडू दिले नाही.